सहा फ्लॉप्या, एक हट्टी चिप आणि जात्यावरच्या ओव्या

वर्ध्याहून बोलतोय. मागे कूलरचा आवाज येतोय, तो चालवून घ्या. मे महिन्यात वर्ध्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करायचा हट्ट मी धरत नाही.

आजचा विषय जरा जुना आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात पाहिली असेल. मीही जवळपास त्यातलाच. कॉम्प्युटर सायन्समध्ये बीटेक केलं, पण चार वर्षांत फ्लॉपी अर्ध्या ओळीत संपली होती. आणि फ्लॉपी वाचणारी चिप, म्हणजे फ्लॉपी डिस्क कंट्रोलर, तिचं नाव परीक्षेपुरतंच माहीत. गेल्या वर्षभरात मात्र मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत या चिपच्या मागे लागलो. ती आतून कसा विचार करते, कशावरून ‘वाचता येतंय’ म्हणते आणि कशावरून ‘नाही’ म्हणते, हे शोधत बसलो.

कारण सांगतो. माझ्या मामांचं हिंगणघाटला डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची हँडबिलं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे समुद्रपूरहून एक ताई आल्या. त्यांची आई शाळेत बाई होती, आता नाही. बाईंनी समुद्रपूर तालुक्यातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. १९९७ मध्ये मामांकडे त्या टाइप करून घेतल्या, पुस्तक काढायचं म्हणून. पैसे जमले नाहीत, पुस्तक राहिलं. मूळ वह्या घरात वाळवीनं खाल्ल्या. राहिल्या त्या मामांच्या डब्यातल्या सहा फ्लॉप्या, साडेतीन इंची, वर बॉलपेननं लिहिलेलं: ओव्या १, ओव्या २, असं सहापर्यंत.

मामांनी डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, “बाबू, तू कम्प्युटरवाला आहेस ना? पाय बरं तुले काही जमते का.”

त्या फ्लॉप्या माझ्याच वयाच्या. माझाही जन्म १९९७ चा.

या ओव्यांचं एक वैशिष्ट्य ताईंनी सांगितलं. बाईंनी प्रत्येक ओवीखाली ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं होतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं केवढं मोठं काम उभं केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. एक लाखाच्या वर ओव्या, गाणारीच्या नावासकट. ‘पारी’च्या साइटवर २०१७ पासून त्या येतायत, जरूर ऐका. त्या कामामागे संस्था होती, माणसं होती. इथे आमच्याकडे एक शाळेतली बाई आणि तिची एस.टी.ची तिकिटं. या बायकांची नावं दुसरीकडे कुठे असतीलच तर मतदारयादीत आणि रेशनकार्डावर. गाणारी म्हणून कुठेच नाहीत.

तर, ऑनलाइन मिळतो तो यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. पहिली फ्लॉपी उघडली. चौथीही उघडली. बाकी चारांवर विंडोजनं विचारलं, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?’ या प्रश्नाला कधीही ‘हो’ म्हणू नका, मंडळी. तो पेटी उघडत नाही म्हणून आतलं सामान जाळू का विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता इथे मुद्दा येतो. फ्लॉपी वाचता येत नाही, हे कोण ठरवतं? फ्लॉपी काही बोलत नाही. विंडोजला खालून जे कळतं तेच ते सांगतं. ठरवते ती कंट्रोलर चिप. आणि ती न्यायाधीशासारखी आहे, पण अशी की निकाल सांगते आणि पुरावा दाखवत नाही.

पुरावा काय असतो ते बघू. फ्लॉपीच्या आत प्लॅस्टिकची पातळ गोल चकती, तिच्यावर चुंबकीय लेप. आपल्याला वाटतं की तिथे शून्य आणि एक लिहिलेले असतात. तसं नसतं. तिथे असतात फक्त चुंबकाच्या दिशेच्या उलट्या. उत्तर-दक्षिण होतं ते दक्षिण-उत्तर झालं, मग परत. हेडखालून चकती फिरते आणि प्रत्येक उलटीला एक ठोका येतो. माहिती ठोक्यात नाही, दोन ठोक्यांमधल्या वेळात आहे.

आपल्याकडची खंजिरी आठवा. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात खंजिरी माहीत नाही असा माणूस नाही. समजा वाजवणारा फक्त तीन प्रकारची अंतरं वापरतो: जवळचं, मधलं आणि लांबचं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ही अंतरं दोन, तीन आणि चार मायक्रोसेकंदांची. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग. या पद्धतीला एमएफएम म्हणतात. नियम दोनच. ‘एक’ असेल तर त्याच्या खोलीच्या मध्यावर ठोका. दोन ‘शून्य’ शेजारी आले तर त्यांच्या मधल्या भिंतीवर ठोका. बस. एवढ्यावरून सगळा मजकूर लिहिला जातो.

पण नुसते ठोके ऐकून शब्द कुठे सुरू झाला ते कसं कळणार? कुणी भजनाच्या मध्येच येऊन बसलं तर कडवं कुठलं चाललंय, कळत नाही ना, तसं. त्यासाठी एक गंमत केलीय. प्रत्येक सेक्टरच्या आधी तीन वेळा ‘ए१’ हा बाइट लिहितात, पण मुद्दाम चुकीचा. नियमानं त्यात जो ठोका यायला हवा, त्यातला एक गाळतात. मग अंतरं येतात ती अशी: लांब, मधलं, लांब, मधलं. आता वरचे दोन नियम लावून बघा. लांब अंतर नेहमी एका ‘एक’च्या मध्यापासून दुसऱ्या ‘एक’च्या मध्यापर्यंतच असतं. त्यानंतर एकच मधलं अंतर आलं तर आपण भिंतीवर येऊन थांबतो, आणि भिंतीवरून लांब अंतर निघूच शकत नाही. म्हणजे ही चाल साध्या मजकुरातून कधीच तयार होत नाही. चिपनं ती ऐकली की ती सावध होते: आता सेक्टर येतोय. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडून पटलं तेव्हा मी उठून पाणी प्यायलो. नियम मोडूनच ‘इथे बघ’ म्हणायचं. काय डोकं लावलंय राव!

त्यानंतर सेक्टरचा पत्ता: कुठला ट्रॅक, कुठली बाजू, कितवा सेक्टर. मग ५१२ बाइट मजकूर. आणि शेवटी दोन बाइट सीआरसी, म्हणजे पडताळा. आधीच्या सगळ्या बाइटांवर ठरलेली गणिती क्रिया करून आलेला १६ बिटांचा आकडा. वाचताना चिप तीच क्रिया पुन्हा करते. आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला तर निकाल: सीआरसी एरर. ५१२ बाइटांतला एक बिट जरी बिनसला तरी हाच निकाल, आणि सगळा सेक्टर चिखल असला तरी हाच. कमीजास्त असं काही नाहीच.

आणि अजून एक. ठोके कधीच बरोब्बर दोन, तीन, चार मायक्रोसेकंदांवर येत नाहीत. मोटर थोडी हळू-जोरात फिरते, लेप झिजतो. एखादं अंतर २.४५ येतं. चिपनं काय समजायचं, दोन की तीन? ती आपला अंदाज लावते, तिथल्या तिथे ठरवते आणि २.४५ हा आकडा विसरून जाते. माझ्या दृष्टीनं खरा तोटा हा आहे. चूक होणं समजू शकतो. पण ‘इथे मला शंका होती’ हे ती कुणालाच सांगत नाही.

या चिपची जरा कुंडली सांगतो, कारण ती भारतातही कुठे कुठे पोचली ते मजेशीर आहे. मामांच्या दुकानातला संगणक १९९७ चा, पण त्याची फ्लॉपी लिहिण्याची रीत १९७८ ची. एनईसी या जपानी कंपनीची ७६५ नावाची चिप, ती आयबीएमनं १९८१ च्या पहिल्या पीसीत वापरली, आणि मग जगातल्या सगळ्या पीसींना तिच्याशी जुळवून घ्यावं लागलं. पुढे ती वेगळी चिप म्हणून दिसेनाशी झाली, मोठ्या चिपच्या पोटात गेली, पण वागणं तेच राहिलं.

तिच्या थोडी आधीची इंटेलची ८२७१. साधारण १९७७ ची. ही फारशी कुणाला माहीत नसती, पण ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो या संगणकाला डिस्क जोडायची तर सुरुवातीला हीच लागायची. आणि बीबीसी मायक्रो आपल्याकडे आला होता! १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांत संगणक शिकवायचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हेच संगणक होते. तुमच्या बाबांपैकी किंवा काकांपैकी कुणी शाळेत बीबीसी मायक्रोवर बेसिक शिकलं असेल तर विचारून बघा. माझ्या ओळखीत दोघं निघाले.

या ८२७१ चं पोट २०२० मध्ये नीट उघडलं गेलं. ख्रिस एव्हान्स नावाचा सुरक्षा-संशोधक, गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’चा पहिला प्रमुख, त्यानं ते मनावर घेतलं. चिप उघडून फोटो काढण्याचं काम शॉन रिडल याचं. कसं करतात? चिपचं काळं आवरण तीव्र आम्लानं विरघळवतात. आत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. त्याचे सूक्ष्मदर्शकातून शेकडो फोटो काढून जोडतात. त्या काळच्या चिपमधला कायमचा प्रोग्राम, म्हणजे रॉम, डोळ्यांनी वाचता येतो. जाळीच्या प्रत्येक घरात ट्रान्झिस्टर आहे की नाही, यावरून शून्य की एक. हे घरी करू नका हां. ते आम्ल फार वाईट असतं. मी आमच्या स्वयंपाकघरात नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल उघडलं तर आईनं मला अंगणात पाठवलं.

आता रॉममधले बिट मिळाले, पण ती भाषा कुठली? तिचं पुस्तक कुणीच छापलेलं नाही. मग उलटा तर्क: ही चिप बाहेरून अमुक आज्ञा घेते आणि अमुक करते हे माहीत आहे, तर आत कुठला बिटांचा गट ते काम करत असेल? असं एकेक करत पूर्ण आज्ञासंच सोडवला. आत निघाले दोन छोटे प्रोसेसर. एक ठोक्या-बिटांकडे बघणारा, दुसरा बाइटांकडे. २० हजारांहून जास्त ट्रान्झिस्टर. बीबीसी मायक्रोच्या मुख्य ६५०२ प्रोसेसरमध्ये चार हजारांच्या आसपास. म्हणजे शेतमालकापेक्षा सालदाराचं डोकं पाचपट!

याच्या अगदी उलट टोक म्हणजे स्टीव्ह वॉझ्नियाक. ॲपल टू साठी १९७८ मध्ये त्यानं कंट्रोलर चिप घेतलीच नाही. थोड्याशा साध्या चिपा आणि बाकी सगळं सॉफ्टवेअर. बाइटांचा अर्थ लावायचं डोकं प्रोग्राममध्ये. मला वॉझचा रस्ता जास्त आवडतो, आणि माझं कामही शेवटी त्याच रस्त्यानं झालं. कारण डोकं सॉफ्टवेअरमध्ये असलं की ते बदलता येतं. मी काही चिप उघडली नाही. पण ती काय करते हे इतरांच्या खटाटोपामुळे उघड होतं, म्हणून मला तिचं काम तिच्यापेक्षा सावकाश आणि शंका नोंदवत करता आलं.

त्यासाठी ग्रीझविझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं. केअर फ्रेझर यांनी केलेलं, सॉफ्टवेअर सगळं मोफत आणि उघडं. ते काहीच ठरवत नाही. फक्त प्रत्येक ठोका किती वेळानं आला ते लिहून घेतं. बास, मला एवढंच हवं होतं. सोबत जुना, चौतीस पिनांच्या पट्टीचा फ्लॉपी ड्राइव्ह लागतो. तो नागपूरला सीताबर्डीत शोधला, नाही मिळाला. शेवटी वर्ध्यातच भंगारवाल्याकडे एका जुन्या कॅबिनेटात सापडला. दीडशे रुपये. त्यानं विचारलं, याचं करता काय? मी म्हणालो, ओव्या ऐकतो. त्यानं पैसे आधी मागून घेतले.

फ्लॉप्यांची सरकती पत्र्याची झडप उघडून बघितली तर तिसरीवर आणि सहावीवर बुरशी. आपल्याकडचं हवामान असं: मे मध्ये पत्र्याखालचं कपाट तापतं, जुलैत तेच ओलं. चकती हातानं हळू फिरवत, कापसाला अल्कोहोल लावून पुसली. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसायचं, नाहीतर एकीची बुरशी दुसरीला ओरखडे काढते.

मग वाचन. चकती मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. मी प्रत्येक ट्रॅकचे २० फेरे नोंदवले. एका फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर. म्हणजे २,८८० सेक्टर. सहांचे मिळून १७,२८०. सगळ्या अंतरांचा ग्राफ काढला की चांगल्या ट्रॅकवर तीन स्वच्छ टेकड्या दिसतात, दोनवर, तीनवर, चारवर, मध्ये सपाट रान. खराब ट्रॅकवर टेकड्या एकमेकींत मिसळलेल्या. कुठे दोन संपतो आणि तीन सुरू होतो, कळतच नाही.

माझा प्रोग्राम साधा आहे, पायथनमध्ये. चिपसारखंच वाचतो, पण जिथे अंतर दोन टेकड्यांच्या मधल्या रानात पडतं तिथे खूण करतो. पडताळा जुळला नाही तर फक्त त्या खुणांच्या जागी दुसरा पर्याय घालून बघतो. यात एक मोठी मदत होते. सेक्टरची लांबी ठरलेली आहे. एका ठिकाणी दोनाचे तीन केले तर दुसरीकडे कुठेतरी तीनाचे दोन करावे लागतात, नाहीतर पुढचं सगळं सरकतं. त्यामुळे बरेच पर्याय आपोआप बाद होतात.

याच पद्धतीनं दुसरी, तिसरी आणि पाचवी पूर्ण आली. बऱ्याच सेक्टरांत दोन-तीन शंका होत्या फक्त. चिपनं त्यांच्यासाठी ५१२ बाइट टाकून दिले होते.

पण इथेच एक धोका आहे आणि त्यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण इंटरनेटवर डेटा रिकव्हरीचे व्हिडिओ बघता ना, त्यात हे कुणी सांगत नाही. सीआरसी १६ बिटांचा. म्हणजे त्याचे ६५,५३६ वेगवेगळे आकडे होऊ शकतात. एखादं भलतंच वाचन केवळ योगायोगानं जुळण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. फार कमी वाटते. पण समजा एका सेक्टरमध्ये २० शंका आहेत आणि मी प्रत्येकीचे दोन्ही पर्याय घालून बघतोय. दोनाचा विसावा घात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास पर्याय. भागा त्याला ६५,५३६ नं. १६! म्हणजे साधारण १६ वेगवेगळी उत्तरं पडताळ्यात पास होतील, आणि खरं असेल तर त्यातलं एकच असेल. स्क्रीनवर मात्र हिरव्या अक्षरांत ‘ओके’ येईल. पहिलं ‘ओके’ घेऊन पुढे गेलं तर कुणाच्या तरी तोंडी तिनं कधीच न म्हटलेला शब्द जाणार. म्हणून मी मर्यादा घातली: सहा शंकांपर्यंत, म्हणजे ६४ पर्यायांपर्यंत, प्रोग्रामनं ठरवावं. त्याच्या वर मी स्वतः बघणार, आणि फाइलमध्ये तिथे खूण राहणार.

बरं, बिट आले. फाइल उघडली. पेजमेकरची फाइल, आणि आत मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, सगळी मिसळ. ज्यांनी जुन्या मराठी फाइली उघडल्यात त्यांना हे ओळखीचं आहे. त्या काळात प्रत्येक कंपनीचे फॉन्ट वेगळे आणि प्रत्येकाची अक्षरांची जागा वेगळी. इस्की नावाचं सरकारी मानक १९९१ मध्ये पक्कं झालं होतं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, पण डीटीपीच्या दुकानात चालायचा तो छपाईत छान दिसणारा फॉन्ट. ‘क’ च्या जागी अमुक इंग्रजी अक्षर, अर्ध्या ‘क’ ला दुसरं, वेलांटीला तिसरं. शिवाय डोळ्याला दिसतं त्या क्रमानं. म्हणजे ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘क’ नंतर. रफार अक्षर झाल्यावर शेवटी.

म्हणजे दुसरं कुलूप. मामांकडे तो फॉन्ट उरला नव्हता. पण एका जुन्या फाइलीत चौथ्या फ्लॉपीतल्या मजकुराची दोन पानं सापडली, ट्रेसिंगवर काढलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. एका बाजूला छापील पान, दुसऱ्या बाजूला स्क्रीनवरची मिसळ. एकेक अक्षर जुळवत तक्ता तयार केला. मामा बाजूला बसून सांगत होते, “तो जोडाक्षराचा ‘श्र’ होय, त्याले अल्ट दाबून चार आकडे मारा लागे.” वीस-पंचवीस वर्षांनंतरही बोटांना आकडे पाठ! ते आकडे बरोबर निघाले. चिपनं शंका लपवली आणि मामांनी आठवण जपली, असं मी त्यांना म्हणालो तर म्हणाले, “चाय ठेव.”

दोन कुलपं असल्यानं एक गोष्ट फायद्याची झाली. भलतं वाचन पास झालं असेल तर फॉन्टच्या तक्त्यातून ते बहुतेक वेळा कचरा म्हणून बाहेर पडतं. वेलांटीवर वेलांटी, अर्ध्या अक्षरावर अर्धं. बहुतेक वेळा म्हणतोय. कारण एक जागा अशी आली की जिथे दोन्ही वाचनं स्वच्छ मराठी होती.

पाचव्या फ्लॉपीवर एक सेक्टर, ज्याचे पडताळ्याचे दोन बाइटच खराब. म्हणजे न्यायाधीशच गैरहजर. वीस फेऱ्यांपैकी ११ फेऱ्यांत एक शब्द आला ‘दीर’, नऊ फेऱ्यांत ‘वीर’. ओवी शेतातून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघण्याची होती. दोन्ही बसतात. खाली गाणारीचं नाव होतं, गाव होतं. ताईंनी चौकशी केली. ती आजी आहे! ऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, पण आहे. ताई गेल्या, मला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ताईंनी ओवीची पहिली ओळ वाचली, आणि आजीनं लगेच ती धरली. जातं नाही, काही नाही, खाटेवर बसून. आणि त्या जागी आजी म्हणाली ‘बंधव’.

दीर नाही, वीर नाही. भाऊ!

मी आणि ताई दोघंही गप्प. मग ताईंनी विचारलं, “आजी, आधी दीर म्हणत होत्या का वो तुम्ही इथं?” आजीचं उत्तर असं होतं की सासरी असताना कोण ऐकते ते पाहून म्हणाव लागे. हसली आणि पुढची ओवी सुरू केली.

आता फाइलमध्ये काय लिहायचं, यावर आमचे दोन फोन झाले. ताईंचं म्हणणं, आजीनं म्हटलं तेच खरं, ‘बंधव’ लिहा. मला ते पटलं नाही. बाईंनी १९९७ मध्ये जे ऐकलं आणि मामांनी जे टाइप केलं, ते त्या दिवसाचं होतं. आज आजीनं म्हटलं ते आजचं. शेवटी मजकुरात ‘दीर’ ठेवलं, शंकेची खूण करून, आणि खाली टीप: डिस्कवर नऊ फेऱ्यांत ‘वीर’, गाणारीनं नंतर स्वतः म्हटलं ते ‘बंधव’. ताई म्हणतात, पुस्तकात एवढी मोठी टीप कोण वाचेल? ते पुस्तकाच्या वेळी बघू.

सध्याची परिस्थिती सांगतो. पाच फ्लॉप्यांचा मजकूर युनिकोडमध्ये ताईंकडे गेलाय, पेन ड्राइव्हवर आणि छापूनही. आठशेच्या वर ओव्या. सहावी अजून अडलीय. तिची बुरशी नेमकी सगळ्यात बाहेरच्या, शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर होती, आणि डॉसची फ्लॉपी आपली अनुक्रमणिका तिथेच ठेवते. तिच्या दोन प्रती असतात, पण १.४४ च्या फ्लॉपीवर दुसरी प्रतही एक सेक्टर सोडून सगळी त्याच बाजूच्या त्याच ट्रॅकवर. म्हणजे घराची एक किल्ली दाराला आणि दुसरी त्याच दाराच्या खिळ्याला. फाइलींचे तुकडे हातानं जुळवावे लागले. अजून २३ सेक्टर येत नाहीत. त्यांच्यातल्या एकावर ओवी अर्धी आहे आणि गाणारीचं नाव पूर्ण.

सहाही फ्लॉप्यांच्या ठोक्यांच्या मूळ नोंदी, काहीही न ठरवता जशा आल्या तशा, मी तीन ठिकाणी ठेवल्यात. माझ्यापेक्षा चांगला प्रोग्राम कुणी लिहिला तर त्याला फ्लॉपी लागणार नाही, ती नोंद पुरेल. तुमच्यापैकी कुणाला सिग्नल प्रोसेसिंग येत असेल तर खरंच मेसेज करा, त्या २३ सेक्टरांच्या नोंदी देतो.

आणि घरात, प्रेसमध्ये, शाळेच्या कपाटात फ्लॉप्या असतील तर आधी मागच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं म्हणजे त्यावर काही लिहिलं जात नाही. झडप सरकवून पांढरे ठिपके दिसतात का बघा. दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, कोरड्या डब्यात ठेवा आणि मला सांगा. ड्राइव्ह माझ्याकडे आहे, अल्कोहोल अंगणात आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.